म्हाताऱ्या रॉकीचा उन्हाळा – माझा अनुभव

रॉकी आमचा लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा, १३ वर्षांचा. मागचे पाय संधिवाताने कामातून गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि कान फक्त खाऊचा डबा उघडला की चालू होतात. आधीचे उन्हाळे त्याने आरामात काढले होते, त्यामुळे यंदाही पंखा लावला, पाणी ठेवलं की झालं असंच मी धरून चालले होते.

पहिल्याच कडक दुपारी साहेब बाथरूमच्या फरशीवर जाऊन पसरले. मला वाटलं वा, गार जागा शोधली बघा. तासाभराने बघते तर चारही पाय चार दिशांना, उठायची धडपड चाललीये, खाली शू झालेली आणि धापा थांबतच नाहीत. गार वाटते म्हणून तो फरशीवर जायचा आणि त्याच फरशीवरून त्याला उठता यायचं नाही, सगळा उन्हाळा आमचा याच एका भानगडीत गेला. सतरंज्या टाकल्या तर गरम होतं म्हणून तो त्यावरून उठून परत फरशीवर. शेवटी घरभर रबरी मॅटच्या पट्ट्या टाकल्या, चालायला रस्ता असतो तशा, आणि मध्ये भिंतीलगत एक चौकोन उघड्या फरशीचा सोडला म्हणजे उठताना अंगाला भिंतीचा टेकू मिळतो. तरी नाहीच जमलं तर पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचं धड उचलून द्यायचं, माझ्या कंबरेचं काय होतं ते विचारू नका.

चुकाही भरपूर केल्या. ओला टॉवेल त्याच्या पाठीवर पांघरला, तो दहा मिनिटांत कोमट झाला आणि आतली उष्णता आतच कोंडली. डॉक्टर म्हणाले पांघरू नका, खाली अंथरा आणि सारखा बदला. नुसत्या पंख्याचाही फार उपयोग नसतो, कारण कुत्र्यांना घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आपल्यासारखा अंगभर नाही. त्यामुळे आधी पोट, जांघा आणि पंजे ओले करायचे, मग पंखा, मग बघा कसा सुस्कारा सोडतो. मी तर त्याचे केसच उतरवायला निघाले होते, त्यावरून ओरडा खाल्ला. लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा थर उन्हापासून वाचवतो, म्हणून भादरायचं नाही, रोज विंचरून आतले गळलेले केस तेवढे काढायचे.

पाणी तो पीत नव्हता. तहान नव्हती असं नाही हो, भांड्यापर्यंत उठून जायचं म्हणजे पाय दुखणार, म्हणून टाळायचा. मग चार भांडी केली, जिथे लोळतो तिथे एक, आणि थोडी उंचावर ठेवली म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. जेवणातही पाणी घालून पातळ करते. अंगात पाणी कमी झालंय का बघायला मी कातडी चिमटीत धरून बघायचे, पण म्हातारपणी कातडी तशीही सैल पडते, त्यावरून नीट कळत नाही, हिरड्या बघायच्या, चिकट कोरड्या लागल्या की समजायचं.

फिरायला पहाटेच. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर घरी परत. आणि म्हाताऱ्याचा वेग धरून हिशोब करा, जाताना गार असलेला रस्ता येताना तापलेला असतो कारण दहा मिनिटांच्या फेरीला आम्हाला अर्धा तास लागतो, प्रत्येक खांब हुंगायचा असतो ना.

मग लक्षात आलं की रात्री घर गार झाल्यावरही तो धापा टाकतोय आणि भुंकणं घोगरं झालंय. मी उन्हाळ्यावर ढकलत बसले होते. तपासणीत निघालं की घशाच्या नसा कमजोर झाल्यात, श्वास घेताना स्वरयंत्र पूर्ण उघडत नाही, म्हाताऱ्या लॅबमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं म्हणे. म्हणजे धापा टाकणं हे अंग गार करायचं त्याचं मुख्य साधनच अर्धवट चालतंय, आणि जोर लावून श्वास घेताना अंग अजून तापतंय. त्या दिवसापासून गळपट्टा बंद, छातीचा पट्टा चालू, आणि पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत नेते कारण आनंदाने उड्या मारायला गेला की श्वास लागतो.

थर्मामीटरही घरात आणला, मागून लावायचा, त्याला अजिबात आवडत नाही. नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. एका दुपारी १०४ च्या वर गेला, हातपाय गळाले माझे, पण डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की आधी गार करा मग निघा, म्हणून नळाचं पाणी अंगावर ओतत राहिले, पंखा लावला, १०३ ला थांबले (जास्त केलं तर उलटं फार खाली जातं) आणि मग गाडीत एसी लावून दवाखाना. वाचला.

आता गंमत म्हणजे त्याने स्वतःच तोडगा काढलाय, पोट उघड्या फरशीवर आणि मागचे पाय मॅटवर असा तिरका पडतो. मी मॅट सरळ केली की उठून, दोनदा घसरून, परत तसाच तिरका.