आमची वाटचाल : काट्यापासून एसएमएसपर्यंत

कोल्हापूर-सांगली भागातल्या दूध संस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. काट्यावर दूध आलं की वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक), दर, सभासदाच्या खात्यात नोंद आणि लगेच एसएमएस. सुरुवातीला हे सगळं एकामागोमाग एकाच दमात चालायचं. संस्था वाढल्या, तशी सकाळच्या गर्दीत एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा रेंगाळू लागली आणि तिच्यापायी काटा अडू लागला. किटली घेऊन उभ्या माणसाला एसएमएससाठी ताटकळत ठेवणं आम्हाला मान्य नव्हतं. मग ठरलं, नोंद झाली की निरोप मध्ये रांगेत ठेवायचा आणि एसएमएसच्या प्रोग्रामने तो सवडीने उचलायचा.

अशी रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची दोन नावं समोर होती : काफ्का आणि रॅबिटएमक्यू. काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झालं, २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते रोजकीर्दीसारखं आहे : वाचून झालं तरी निरोप जागेवरच राहतो, मूळ सेटिंगप्रमाणे ७ दिवस, आणि कुणालाही मागे जाऊन पुन्हा वाचता येतो. २००७ मध्ये आलेलं रॅबिटएमक्यू काम वाटून देतं. काम झाल्याची पोच मिळाली की निरोप काढून टाकतं. काम करणारा प्रोग्राम मध्येच बंद पडला तर तोच निरोप दुसऱ्याला देतं. एसएमएस हे एकदा करून संपणारं काम. शिवाय तेव्हा काफ्कासोबत त्याच्या सर्व्हरांचा मेळ ठेवणारं झूकीपर हे वेगळं सॉफ्टवेअरही सांभाळावं लागे आणि आमची टीम छोटी. आम्ही रॅबिटएमक्यू घेतलं.

खरी मेहनत पुढे होती. पोच पोहोचण्याआधी कनेक्शन तुटलं तर निरोप पुन्हा येतो. एसएमएस दोनदा गेला तर चालेल, पण असेच निरोप घेणाऱ्या बिलाच्या प्रोग्रामने दूध दोनदा धरणं अजिबात नाही! म्हणून प्रत्येक संकलनाला स्वतंत्र क्रमांक दिला. तो आधीच नोंदलेला असेल तर बिलाचा प्रोग्राम निरोप सोडून देतो. दुसरी काळजी याच्या उलट : नोंद झाली, पण निरोप निघालाच नाही तर? त्यासाठी नोंद आणि निरोप डेटाबेसमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही लिहिले जातात, नाहीतर एकही नाही) लिहितो आणि तिथून रांगेत पाठवतो. रांगाही क्वोरम प्रकारच्या, म्हणजे प्रत्येक निरोपाच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणाऱ्या आणि बहुसंख्य सर्व्हर चालू असले की चालणाऱ्या, ठेवल्या, तीन सर्व्हरवर. एक पडला तरी काम चालतं.

चुकीच्या मोबाईल नंबरचे निरोप वेगळ्या रांगेत पडतात. आमच्या ऑफिसातल्या ताई रोज ती रांग बघून संस्थेच्या सचिवांना फोन करतात.

आता संस्थांना फॅटचे जुने कल हवे आहेत, तेही वेगवेगळ्या पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजून. त्यासाठी काफ्का शेजारी लावतो आहोत. एसएमएस मात्र रॅबिटएमक्यूकडेच राहतील.