रविवारची सभा

नारायण मेघाजी लोखंडे यांचा स्मृतिदिन ९ फेब्रुवारीला. आमच्या लालबागच्या मंडळात मात्र सभा त्यानंतरच्या रविवारी होते. तारीख हलवायला जुन्या मंडळींचा विरोध होता. माझं म्हणणं एकच : ज्यांनी गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली, त्यांची सभा रविवारीच व्हावी. १० जून १८९० ला मालकांनी ती मान्य केली.

दीपप्रज्वलन, हार, अहवाल नेहमीप्रमाणे. अध्यक्षांच्या भाषणात १८८४ ची बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचं संपादन आणि १८९७ च्या प्लेगातला मृत्यू येतो. मी वाट बघतो ती पुढच्याची.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले, तेव्हा दोन कामगार बायका बोलल्या होत्या. म्हणून आमच्याकडेही दरवर्षी दोघी बोलतात. पहिल्या आमच्या मावशी, गिरणीच्या वायंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या. माईक घेत नाहीत. “मशीनच्या आवाजात बोललेय मी,” म्हणतात. मग तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवतात. हातात काही नसतं, पण बोटं बरोबर गाठ मारतात. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा धाकटा पोटात होता, इथं आल्या की त्या थांबतात. दरवर्षी ऐकतो, तरी माझा घसा दाटतोच.

बदलापूर-विरारहून लोक गाड्या बदलून येतात. समोरच्या टॉवरमधली, आमच्याच चाळीत वाढलेली मंडळी मात्र खाली उतरत नाहीत. याचं वाईट वाटतं.

मंडप घालणारे दोघे भाऊ, साउंडवाला, दोनशे कप चहा करणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू, तसबीर पुसून हार आणणारे अण्णा, खुर्च्या देणारी शेजारची व्यायामशाळा, पाण्याचे जार चढवणारी पोरं, सगळ्यांचे आभार. गेल्या वर्षी सतरंज्या घालणाऱ्या तिघी मुली माझ्याकडून राहून गेल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यांतलीच एक यंदा मावशींनंतर बोलायला उभी राहिली. मॉलमध्ये कामाला आहे, रविवारी सुटी नसते. मैत्रिणीशी ड्युटी बदलून आली होती. तेवढंच सांगितलं आणि खाली बसली. मावशींनी तिला जवळ ओढून घेतलं.