कीर्तनकार बुवा: गळ्यापाशीची रेघ गेली!

मंडळी, कीर्तनकार बुवा हा माझा जिवंत पुतळा, म्हणजे अंग आणि कपडे रंगवून पुण्यात रस्त्यावर ब्राँझच्या मूर्तीसारखं निश्चल उभं राहायचं. त्यातला गळा, म्हणजे मान आणि बंडीचा सांधा, अखेर जमला! घरात ट्यूबलाइटखाली बंडी आणि मान एकजीव दिसायची. जंगली महाराज रस्त्यावर दुपारचं ऊन पडलं की बंडी पितळी, मान मोतिया.

कारण पावडरमध्ये निघालं. बंडीवर बोहरी आळीतली ब्राँझ पावडर होती, म्हणजे तांबं-जस्ताचा चुरा. तो ऊन थेट परतवतो. अंगाला तो लावायचाच नाही, घामाने हिरवा पडतो आणि कातडी चुरचुरते. म्हणून चेहऱ्यावर अभ्रकाचा रंग, आणि अभ्रकाची चमक मऊ. शेड कितीही जुळवा, उन्हात दोन्ही वेगळे पडणारच. आता बंडीवरही रेझिन आर्टवाल्यांकडचं अभ्रक, अ‍ॅक्रिलिक मीडियममध्ये कालवून. ते फक्त कपड्याला हं! चेहऱ्याला कॉस्मेटिक ग्रेडच घ्या. क्रायोलान या मेकअप कंपनीचा रंग महाग पडतो, पण चेहऱ्याच्या बाबतीत मी काटकसर करत नाही.

तरी बारीक रेघ उरलीच. ती सुटली शिल्पकार करमरकरांच्या शिवाजी महाराजांपाशी. एसएसपीएमएस, म्हणजे श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला हा १९२८ चा अश्वारूढ पुतळा मी पुन्हा निरखून पाहिला. ब्राँझमध्ये वस्त्र अंगाला भिडतं तिथे खोबण असते, खोबण काळी राहते आणि उजेड उंचवट्यांवरच खेळतो. म्हणजे शिवणीवर चमक नकोच! बंडीचा काठ आणि त्याला लागून असलेली मान, दोन्हींवर एकच काळपट तपकिरी बेस दिला आणि तो तसाच उघडा ठेवला. ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने चमकीचा हलका हात, फक्त गालफडं, नाकाचा शेंडा, कंठमणी आणि चुण्यांच्या माथ्यावर. दोन्ही कडा अंधारात शिरल्या, रेघ संपली.

रविवारी एका आजींनी काठाला बोट लावलं आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, ओतीव आहे." तेवढ्यात नातवाने डब्यात नाणं टाकलं, चिपळी वाजली आणि आजी दोन पावलं मागे! काय आनंद झाला म्हणून सांगू.

वरच्या ओठावरचा घाम अजून छळतोय, त्यावर पुढे लिहीन. नव्यांसाठी एवढंच: गुडघे ताठ लॉक करू नका, पोटऱ्या आतल्या आत आवळत राहा. रक्त पायांत साचलं की भोवळ येते.

आता उपरण्यावर हिरवा गंज चढवायचा बेत होता. पण लिहिता लिहिता सुचतंय, गंज धरतो पाणी साचतं तिथे, म्हणजे पागोट्याच्या वळ्यांत. मग आधी पागोटंच! गणपतीच्या जिवंत देखाव्यासाठी कुणी कापड कडक केलं असेल तर सांगा: फेविकॉलमध्ये बुडवून मग वळायचं, की वळून झाल्यावर ब्रशने लावायचं?