फ्लशची टाकी: वायसर निर्दोष निघाला!

तळाचा वायसर बदलूनही कमोडमधली बारीक धार थांबली नव्हती. काळा रबरी काढून सिलिकॉनचा घातला, तो बसतो ती कड पुसून घेतली, तरी सकाळी पाणी उतरलेलंच. टाकीत रंग टाकून तो कमोडमध्ये उतरतो का बघायच्या चाचणीने गळतंय एवढंच कळतं, कुठून ते नाही. (कोकमाचं आगळ यासाठी वाया घालवू नका, 10 लिटरात फिकं पडतं. खायचा लाल रंग पाव चमचा पुरे.)

म्हणून अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ) बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारली. आतलं माप 36 बाय 14 सेंमी, म्हणजे 1 सेंमी उतार साधारण अर्धा लिटर. 8 तासांत 4 सेंमी, 2 लिटर गेले. या वेळी कॉक तसाच बंद ठेवून 2 दिवस बादलीवर काम भागवलं आणि चोर सापडला. उतार मंदावत गेला आणि पाणी तळापासून 6 सेंमीवर थांबलं ते थांबलंच. वायसर गळत असता तर पाणी तळाला गेलं असतं. 6 सेंमीवर आहे तो ओव्हरफ्लोच्या नळीचा (जादा पाणी कमोडमध्ये सोडणारी उभी नळी) फ्लश व्हॉल्व्हशी, म्हणजे फ्लश करताना पाणी सोडणाऱ्या तळच्या भागाशी असलेला सांधा. तिथली गळती नळीच्या आतूनच कमोडमध्ये उतरते, म्हणून सगळा आळ वायसरवर.

व्हॉल्व्ह डावीकडे पाव फेरा फिरवला की उचलून येतो. नळी ओढून काढल्यावर सांध्यातली ओ-रिंग (रबरी कडी) एका बाजूला चपटी, खाचेत विहिरीच्या पाण्याचा तांबडा थर. सायट्रिक अ‍ॅसिड 2 चमचे, कोमट पाणी 1 लिटर, अर्धा तास भिजवणं, मग जुना टूथब्रश. ब्लीचिंग पावडरचा हात त्याला लागता कामा नये, विषारी वायू सुटतो. पॉलिश पेपरही नको, प्लास्टिकवर चरे पडले की नवी गळती.

ओ-रिंग 'सगळ्याला बसते' म्हणून विकतात त्या किटमधली घेऊ नका, इथे ती अर्धा मिलीमीटर बारीक निघाली. जुनी रिंग खिशात घालून पंप दुरुस्तीवाल्याकडे जा, त्यांच्या डब्यात हव्या त्या मापाची मिळते. वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. पेट्रोलियम जेलीने काही जातीचं रबर फुगतं.

24 तास झाले, पाणी रेघेवरच. झकास!

आता फिल व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीत पाणी भरणारा. पावसात विहिरीचं पाणी तांबूस झालं की बारीक रेव त्याच्या डायफ्रॅममध्ये (पाणी अडवणारी रबरी चकती) अडकते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोतून वाहतं. नटाखालची जाळी धुतली, पातळी नळीच्या तोंडाखाली 2 सेंमी ठेवली. लाईनवर फिल्टर बसवायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, गच्चीवरच्या टाकीचा आउटलेट अगदी तळाला आहे. आतून 5 सेंमीचा पाईपचा तुकडा उभा केला तर गाळ खालीच बसेल. आधी ते, फिल्टर मागाहून. गच्चीवरची टाकी रिकामी असतानाच अँगल कॉकपासून फ्लशच्या टाकीपर्यंतचा कनेक्शन पाईपही बदलायचा: विणलेल्या स्टीलचा आहे, खाऱ्या हवेत टोकाशी गंजलाय. या वेळी साधा पीव्हीसी. अँगल कॉकचा स्पिंडलही (मुठीचा दांडा) थेंब थेंब पाझरतोय, त्याचं ग्लँड नट (दांड्याभोवतीचं नट) पाव फेरा आवळून बघायचं आहे.