लडलोच्या पायवाटा आणि आपल्या पाखाड्या

दापोलीत आल्यापासून जो तो विचारतोय, "तिकडे धावायला जागा कुठे मिळते?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक स्टेडियम असतं, नाहीतर जिममधला पट्टा. मी राहते ते लडलो हे इंग्लंडच्या पश्चिमेचं, वेल्सच्या हद्दीजवळचं, दहा-अकरा हजार वस्तीचं गाव. टीम नावाची नदी, तिच्या काठावर उंचावर नॉर्मन काळातला किल्ला, आणि शेवटचं घर संपलं की लगेच शेतं. तिथे धावायला वेगळी जागा लागत नाही. लोकांच्या शेतातून धावतात.

हे ऐकून आमच्या आप्पांच्या भुवया वर गेल्या. "लोकांच्या शेतातून? मग मालक काय करतो?"

मालक ट्रॅक्टरवरून हात करतो! इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरतात. 1949 च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला त्या नकाशावर नोंदवायला लावल्या. एकदा नोंद झाली की जमीन कुणाचीही असो, वाट सगळ्यांची. कुंपणाशी खांबावर पिवळा बाण दिसला की ती पायी जाणाऱ्यांची, निळा असला की घोडे आणि सायकलीही चालतात. शेतकऱ्याने आडव्या वाटेवर नांगर घातला तर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, किमान 1 मीटर रुंद. वसंतात गव्हाच्या हिरव्यागार शेतातून मधोमध तपकिरी पट्टा सरळ गेलेला दिसतो तो यामुळेच. पहिल्या वर्षी मी त्या पट्ट्यावरून जाताना उगीचच अंग चोरून घ्यायचे. पीक उभं असलेल्या शेतात पाय घालायचा नाही, हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं.

माझा रोजचा मार्ग छोटा आहे. किल्ल्याखालून डिनहॅम पुलावर उतरायचं, नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठाने झाडीतून लडफर्ड पुलापर्यंत जायचं. या वाटेला ब्रेड वॉक म्हणतात. ती बांधणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव दिले, म्हणजे मजुरी दारूत जायला नको, अशी गावात गोष्ट सांगतात. (मजुरांना कुणी विचारलं होतं का, ते गोष्टीत येत नाही.) लडफर्ड पुलावरून परत गावात यायचं तर ब्रॉड स्ट्रीटचा चढ आहे, जुन्या वेशीतून वर जाणारा, आणि तो छातीत धाप भरवतो. रविवारी सवड असली तर व्हिटक्लिफच्या माळावर चढून पुढे मॉर्टिमरच्या जंगलात. तिथून मागे वळून पाहिलं की किल्ला, चर्चचा मनोरा आणि पलीकडे क्ली टेकड्या. डोंगर म्हणावं असं काही नाही, सगळं कसं ऐसपैस आणि बेताचं.

ऑक्टोबर ते मार्च चिखल असतो, बुटासकट पाय गिळणारा. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे नोकरीच्या दिवशी कपाळाला दिवा बांधून धावायचं. वासरं असलेल्या गाई शेतात दिसल्या की मी सरळ लांबचा वळसा घेते. फाटकं मात्र झकास. कोपऱ्यात एका वेळी एकच माणूस मावेल असं झुलतं दार असतं, माणूस जातो आणि गुरं जात नाहीत. आपल्याकडे कुंपणाच्या बेड्याचे वासे सरकवून आत जातो, काम तेच.

आप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. त्यांना धावण्यात काडीचा रस नाही, पण वाटेचा हक्क म्हटल्यावर ते सरसावून बसले. तिथे नोंद नसलेली वाट लोक 20 वर्षं बिनदिक्कत वापरत आले तर ती सार्वजनिक मानतात, 1980 च्या हायवेज कायद्यात तशी तरतूद आहे, असं मी म्हणाले. "मग नवीन काय सांगतेस?" आप्पा म्हणाले. "आपल्या 1882 च्या कायद्यातपण वहिवाटीला 20 वर्षंच." फरक आहे. आपला हक्क बहुधा शेजारच्या शेतवाल्याचा असतो, रस्त्याने जाणाऱ्या कुणाही पाहुण्याचा नसतो. पण मुळात चाललेल्या वाटेला कायदा मान देतो, हे दोन्हीकडे आहे.

मग त्यांनी कपाटातून गाव नकाशाची झेरॉक्स काढली. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, पायवाट एकेरी तुटक रेषेने. मी तिकडे खिशात घालून फिरते त्या नकाशावर हिरव्या तुटक रेषा असतात, बाकी सगळं ओळखीचं. आमच्या वाडीतून एक रेषा खाली पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, उतरत होती आणि पलीकडच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, चढत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि भाचा तिच्यावरून निघालो. ही आमची पाखाडी, पायऱ्या बांधलेली चढाची वाट. जांभ्याच्या पायऱ्या जागेवर होत्या, शेवाळ वाळून काळं पडलेलं, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. पऱ्यावरचा साकव, छोटा पूल, शाबूत. वर सड्याच्या तोंडाशी मात्र काटेरी तार. दोन पावसाळ्यांपूर्वी कुणीतरी शहरातल्या माणसाने प्लॉट घेतला आणि वाट कुंपणात गेली.

आप्पांना सांगितलं तर ते चिडले, पण तारेवर नाही. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देतात, पण दावा 6 महिन्यांत लावावा लागतो. "6 महिन्यांत एक माणूस त्या वाटेने गेला नाही. गेला असता तर बोंब झाली असती!" सगळ्यांच्या दारात डांबरी रस्ता आणि दुचाकी आल्यावर पाखाडी चढतंय कोण? मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंतची वाट चालून काढली होती. आता वरच्या वाडीतून खाली दूध आणायलाही गाडी निघते.

धावणाऱ्या बाईची तर अजून सवय नाही. हर्णै रस्त्यावर एक काका बाइक थांबवून म्हणाले, "काय गो बाय, एसटी चुकली? बस मागं, सोडतो." त्यांना नाही म्हणताना मलाच अपराध्यासारखं झालं. कुत्रीही डांबरावर पाठ धरतात. तेव्हा धावणं थांबवून चालायचं आणि खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. लडलोत हे केलं तर लोक पोलिसांना बोलावतील.

तरी इथे मार्गांना तोटा नाही. नवख्यांनी कृषी विद्यापीठाच्या आवारातून सुरुवात करावी. दापोली समुद्रसपाटीपासून साधारण आठशे फूट उंचीवर, त्यामुळे थंडीत सकाळी हवा सोसते, आणि आवारात सावली भरपूर. पायाला थोडी ताकद आली की आसूदला केशवराजाची पाखाडी. पोफळींच्या बागांतून खाली उतरायचं, साकवावरून पाणी ओलांडायचं आणि देवळापर्यंत पायऱ्या चढायच्या. तिथे मी तरी धावत नाही, धावू पाहणाऱ्याला पहिल्या वळणावरच कळतं. सड्यावर गवत पिवळं पडल्यावर लांबवर दिसतं, पण कातळ खडबडीत, घोटा जपावा.

आणि मुरुड-कर्देचा किनारा, जो माझ्या मते लडलोच्या कुठल्याही वाटेला भारी आहे. फक्त तो रोज मिळत नाही. ओहोटीची ओली, घट्ट वाळू हवी, कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. त्यासाठी अॅप नको, कोळी लोकांचा हिशेब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी, धावणाऱ्याची दिवाळी. द्वितीयेपर्यंत ठीक चालतं. अष्टमीला पहाटे सहालाच पाणी वर, वाळूची चिंचोळी पट्टी उरते. उजाडल्यावर पर्यटकांच्या गाड्या वाळूवर उतरायच्या आत परतलेलं बरं.

भाच्याने आता आठ-दहा पोरं गोळा केलीत, दोन मुलीही आहेत. नकाशाच्या झेरॉक्सवर ते लाल पेनाने कुठली वाट अजून चालती आहे ते लिहितात, आणि आप्पा प्रत्येक रेषेवर त्यांची उलटतपासणी घेतात. येत्या रविवारी षष्ठी, साडेचारची भरती. म्हणजे किनारा नाही, विद्यापीठाच्या गेटवर सहाला जमायचं ठरलंय. कुणाला यायचं असेल तर पाण्याची बाटली आपापली आणा.