तिळगूळ आणि मेम्फिसची पाटी

आमच्या मंडळाची संक्रांत कधीच संक्रांतीला होत नाही. ती होते जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारला धरून, कारण त्या दिवशी अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी असते आणि शनिवार-रविवार जोडून मिळतो. टेनेसीत आल्यावर पहिली दोन वर्षं मी याकडे नुसती सोय म्हणून पाहिलं. तिसऱ्या वर्षी पोळ्या लाटता लाटता अकोल्याच्या वहिनी म्हणाल्या, "ज्याच्या सुट्टीत आपण हळदीकुंकू उरकतो, त्या माणसाचं नाव तरी घ्या गं एकदा." तेव्हापासून कार्यक्रमातला अर्धा तास त्या माणसाचा.

दीपप्रज्वलन, स्वागत, मनोगत, जमाखर्च हे दर वर्षी तेच असतं. खजिनदार वर्गणीची आठवण करतात आणि ज्यांनी ती आधीच भरलेली असते तेच मान डोलावतात. सोडा. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाषणं साडेअकराला, जेवण एक वाजता. भाषणांना पस्तीस डोकी आणि गुळाच्या पोळीला दीडशे! मी मोजते, कारण दाराशी तिळगुळाचं ताट घेऊन मीच उभी असते. "ट्रॅफिक होता हो," असं रविवारी सकाळी सांगणाऱ्यांनाही मी गोड बोला म्हणतेच.

सुरुवातीची काही वर्षं सगळी मुलं किंग यांचं एकच भाषण करायची, वॉशिंग्टनमधलं, १९६३चं, 'माझं एक स्वप्न आहे' म्हणणारं. पाठ चोख, हातवारे चोख, आईबापांचे फोन वर. वाईट नव्हतं, पण माझ्या घशाशी काही आलं नाही. मला हलवतात ती वेगळी भाषणं. एखादं पोर अडखळत्या मराठीत अशा माणसांबद्दल बोलायला लागतं, ज्यांच्या नावाची सुट्टी कुणी देत नाही, तेव्हा मी ताट खाली ठेवते.

कोल्हापूरकरांच्या धाकट्याचं असंच झालं. दहा वर्षांचा होता. म्हणाला, "मेम्फिसला पाऊस पडत होता. कचऱ्याच्या ट्रकमध्ये दोन काका आत बसले, कारण त्यांना दुसरीकडे बसायला नव्हतं. मग ट्रकनी त्यांना चिरडलं." कुणीतरी 'चिरडलं' हा शब्द त्याला शिकवला होता आणि तो त्याने फार जपून उच्चारला. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर ही त्या दोघांची नावं, तारीख १ फेब्रुवारी १९६८. अकरा दिवसांनी शहरातले तेराशे सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यात एकच पाटी होती, आणि पोराने खुर्चीमागून ती काढून दाखवली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं होतं: मी माणूस आहे. अक्षर आजीचं. शिरोरेघ मात्र त्याने स्वतः ओढली होती, म्हणून ती उजवीकडे चढत गेलेली. किंग या संपासाठीच मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी लागली. बारा दिवसांनी कामगारांची युनियन शहराला मान्य करावी लागली. पोर एवढं सांगून "संपलं" म्हणालं आणि खाली बसलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे पस्तीस जणांना कळेना.

आता माझी पाच मिनिटं. मी उठले की मागून कुजबुज येते, "चला, हिस्लॉप आलं." येऊ दे! माझं बी.ए. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं. त्याच कॉलेजात १९५३ साली ओहायोचा एक तरुण खेळ शिकवायला आला होता, जेम्स लॉसन. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंग भोगून आलेला. गांधी समजून घ्यायचे म्हणून तीन वर्षं आमच्या उन्हाळ्यात राहिला, याहून मोठी तपश्चर्या काय असते! डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीत बसमधल्या काळ्या-गोऱ्या भेदाविरुद्ध किंगनी चालवलेल्या बहिष्काराची बातमी त्याने नागपूरच्या पेपरात वाचली आणि आनंदाने तो ओरडलाच, असं म्हणतात. पुढे अमेरिकेत परतल्यावर १९५७ साली त्याची किंगशी भेट झाली. किंग म्हणाले, थांबू नको, दक्षिणेत ये. तो नॅशव्हिलला आला, आणि १९६८ साली मेम्फिसच्या संपासाठी किंगना बोलावणाराही तोच. कोल्हापूरकरांच्या पोराची गोष्ट आणि माझी गोष्ट अशी एकाच माणसापाशी येऊन मिळते.

एका वर्षी आम्ही नॅशव्हिलच्या एका निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. भाषण तयार करून आणलं नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीने लॉसनच्या शिबिरांत भाग घेतला होता, १९५९ साली, चर्चच्या तळघरात. तिथे विद्यार्थीच गोऱ्या गुंडांचं सोंग घ्यायचे. शिव्या द्यायचे, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, आणि बाकीच्यांनी न चिडता बसून राहायचं. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. १० मे रोजी काउंटर खुले झाले. बाईंनी खुर्ची ओढून दाखवलं, पाठ ताठ आणि तोंड काउंटरकडे. बहिणीने त्यांना लहानपणी हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर शिकवलं होतं.

त्यावर नागपूरचाच एक नवा मुलगा उठून महाडबद्दल बोलला. चवदार तळं, २० मार्च १९२७. पाण्याची ओंजळ आणि काउंटरवरची कॉफी यांत फरक तो काय, एवढंच त्याचं म्हणणं. दोघा-तिघांनी नंतर "सणाला हे कशाला?" म्हटलं. ते दोघे-तिघे एक वाजता आलेले होते, हे मी नोंदवून ठेवते.

नावं घेतलेली कुणालाच आवडत नाहीत, पण माणसं राहून जायला नकोत. पोळ्यांच्या अकोल्याच्या वहिनी. माइक आणि वायरी सांभाळणारे साताऱ्याचे काका, जे स्वतः एकदाही बोलले नाहीत. वाणाच्या वाट्या भारतातून बॅगेत आणणाऱ्या ठाण्याच्या मावशी. खुर्च्या लावणारी कॉलेजची चार मुलं. पाचवाही होता, पण तो उचलण्यापुरता. मुलांचं मराठी तपासणाऱ्या कोल्हापूरच्या आजी. हॉलच्या किल्ल्या देणारे केअरटेकर, त्यांना आता तिळाची वडी हलव्यापेक्षा जास्त आवडते. भांडी घासायला न सांगता उभे राहणारे इंदूरचे जावई.

लॉसन जून २०२४ मध्ये गेले, पंच्याण्णव वर्षांचे होऊन. पुढच्या जानेवारीत माझी पाच मिनिटं मला पुरी करता आली नाहीत. 'नागपूरच्या पेपरात' इथपर्यंत आले आणि थांबले. मागून कोल्हापूरकरांचा धाकटा, आता चांगला मिसरूड फुटलेला, म्हणाला, "काकू, पुढचं मी सांगतो, पाठ आहे." त्याने सांगितलं. एक वर्ष चुकवलं ते तेवढं चुकवलं.

पाटी आमच्या गॅरेजमध्ये आहे, रांगोळीच्या डब्यांवर. आजी आता नाहीत. पुठ्ठ्याचा एक कोपरा ओलीने फुगलाय, म्हणून यंदा तिला प्लास्टिकमध्ये घालून ठेवली.