पांढरी सहा

रविवार, रात्रीचे साडेनऊ. सेलू.

आज दुपारी ओसरीवर बसून ओबोची जिव्हाळी, म्हणजे तोंडात धरून फुंकायची पात, घासत होतो. शेजारचं लेकरू येऊन उभं राहिलं. "काका, ही सनई हाय का क्लॅरिनेट?" ओबो म्हणतात, असं सांगितलं. त्यानं शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला आणि विचारलं, "मग तुम्ही हेच कामून शिकले?" त्याला धड सांगता आलं नाही. दिवसभर तेच डोक्यात आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

आमच्या घरात सनई. अण्णा लग्नसराईत वाजवायचे, एरवी गावच्या देवळात. मी आठनऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागं बसून सूर धरायचो. सूर धरणाऱ्याच्या सनईतून एकच स्वर निघतो, षड्ज, म्हणजे सा, आणि तो तुटू द्यायचा नसतो. गालात हवा साठवायची, ती पुढं ढकलता ढकलता नाकानं श्वास ओढायचा. तासतासभर हेच. वऱ्हाडी अण्णांकडं बघायचे, नवरानवरीकडं बघायचे. माझ्याकडं कुणाचं लक्ष नसायचं. मला चाल वाजवायची असायची. अण्णा म्हणायचे, "आधी सूर. सूर हालला की समदं हाललं." मला या बोलण्याचा फार राग यायचा. तो राग मनात धरूनच मी घर सोडलं.

सैन्याच्या बँडमध्ये भरती झालो. पुढं पचमढीला पाठवलं. लष्करी वादकांना तयार करणारी ती शाळा १९५० सालची. वाद्यं वाटायच्या दिवशी कुणाला ट्रम्पेट हवा, कुणाला सॅक्सोफोन. मलाही ट्रम्पेटच हवा होता. उस्तादांनी विचारलं, "शहनाई किसने बजाई है?" माझा हात आपोआप वर गेला. त्यांनी एक पेटी उघडली आणि काळ्या लाकडाची, चाव्यांनी भरलेली, दीड हात लांबीची नळी माझ्यापुढं धरली. त्या रांगेत दुसऱ्या कुणी ते वाद्य मागितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी सनईसारखा दम लावला आणि नुसती किंकाळी निघाली. ओबोच्या जिव्हाळीची फट इतकी बारीक असते की हवा आतून बाहेर जातच नाही. दम संपत नाही, छातीत साचून राहतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. उस्ताद म्हणाले, आधी शिळा श्वास सोड, मग ताजा घे. सनईत मी श्वास पुरवायला शिकलो होतो, इथं तो टाकायला शिकावं लागलं. ओठ दोन्हीकडून दातांवर दुमडून घ्यायचे, गाल अजिबात फुगवायचे नाहीत. महिनाभर ओठ सोलवटलेले होते.

पण जिव्हाळी बांधायचा तास आला तेव्हा हातांना काही सांगावंच लागलं नाही. बोरूसारख्या पोकळ नळाची पातळ पट्टी भिजवायची, मधोमध दुमडायची, बुचाच्या बुडाच्या बारक्या धातूच्या नळीवर दोऱ्यानं आवळायची, टोक कापून दोन पाती मोकळी करायची आणि मग सुरीनं घासत जायचं. शेंडा दिव्यासमोर धरला की उजेड आरपार दिसला पाहिजे. अण्णांच्या सनईला दोऱ्यानं लटकलेल्या जिव्हाळ्यांचा झुबका आणि त्या नीट करायची सुई मी लहानपणापासून बघत आलो होतो. वस्तू वेगळी, पण दोरा आवळताना अंगठा कुठं दाबायचा ते बोटांना ठाऊक होतं.

पुढं समजलं की दोन्ही एकाच गोतातली. दोघींची जिव्हाळी दुहेरी, दोघींची नळी आतून खाली रुंदावत जाणारी. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात दरबारी कारागिरांनी सनईसारख्याच जुन्या, मोठ्या आवाजाच्या वाद्याला दिवाणखान्यात बसण्याजोगं केलं, त्यातून ओबो आला. ब्राम्स या जर्मन संगीतकाराचा १८७८ चा व्हायोलिन कन्चर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, मी कॅसेटवर ऐकला. त्याच्या दुसऱ्या भागात आधी ओबो चाल गातो आणि व्हायोलिनवाला तोवर थांबून असतो. ती कॅसेट घासून गेली.

मग तंतुवाद्यांसकट पूर्ण ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा बसला तो दिवस. सगळे आपापलं खाजवत, फुंकत होते. उस्तादांनी हात वर केला, शांतता झाली आणि त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. ऑर्केस्ट्रा जुळवायला ओबो 'ए' देतो, आपल्या बाजाच्या पेटीवरची सहावी पांढरी पट्टी, पांढरी सहा. मी तो एकच स्वर धरला. आधी व्हायोलिनं त्यावर आली, मग चेलो, मग बाकीचे. चाळीसेक माणसं माझ्या एका स्वरावर येऊन बसली. मला अण्णांची पाठ दिसत होती, मळका सदरा आणि त्यावर पडलेला मांडवाचा उजेड.

सुट्टीत ओबो घरी आणला. मे महिना होता. उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून पेटीत ओलं फडकं ठेवून आणला होता. अण्णांनी तो मांडीवर घेतला, चाव्यांवरून बोट फिरवलं, पण वाजवायला गेले नाहीत. "इतक्या चाव्या लावल्यावर मींड कुठून काढतो?" म्हणाले. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. मी सांगितलं, ओठांनी, आणि तीही जरा चोरूनच. मग त्यांनी नुसती जिव्हाळी उपसून काढली, जिभेवर ओली केली आणि तेवढीच फुंकली. कर्रकर्र असा आवाज निघाला. पुन्हा फुंकली, कानाजवळ नेऊन बघितली.

"हिचं उजवं अंग जाड ऱ्हायलंय," म्हणाले.

बरोबर होतं. मी आठवडाभर तिच्याशी झगडत होतो आणि मला ते सापडलं नव्हतं. त्यांनी सुरी मागितली नाही, मला दिली. मी घासली. त्यांनी फुंकून बघितली, अजून थोडी म्हणाले. असं चारपाच वेळा झालं. शेवटी मी ओबोला लावून पांढरी सहा धरली. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले आणि मी श्वास सोडेपर्यंत त्यांनी उघडले नाहीत.

आजच्या जिव्हाळीचंही उजवं अंगच जाड आहे. माझा हात तिकडं हलका पडतो, तेव्हापासून. सकाळी ऊन चढायच्या आत वाटीत भिजवून पुन्हा घासेन. ते लेकरू आलं तर त्याला नुसती जिव्हाळी फुंकायला देईन.